गाऱ्हाणे आणि रदबदली : मोटार-कारखानदारांच्या धोरणविषयक निवेदनांची समीक्षा

१

शासनाकडे काही मागावयाचे झाल्यास ते दोन रीतींनी मागता येते. आपले नाव, आपली मागणी आणि तिचे कारण चारचौघांत उच्चारून मागणे ही एक रीत. संबंधित अधिकाऱ्यास गाठून, संघटनेच्या अथवा मध्यस्थाच्या द्वारे आपले म्हणणे त्याच्या कानी घालणे ही दुसरी. मराठीत या दोहोंस स्वतंत्र शब्द आहेत. पहिलीस गाऱ्हाणे म्हणतात, दुसरीस रदबदली. कोकणात ग्रामदेवतेपुढे जे गाऱ्हाणे घातले जाते ते मोठ्याने उच्चारले जाते. कोणासाठी काय मागितले जात आहे हे जमलेला गाव ऐकतो आणि ‘होय महाराजा’ म्हणून त्यास साथ देतो. रदबदलीस असा श्रोतृवर्ग नसतो. दोन्ही रीती जुन्या आहेत आणि दोहोंपैकी कोणतीही मुळात गर्ह्य नाही. परंतु मागणीचा परिणाम मागणाऱ्याखेरीज इतरांवरही होणार असेल, तर ती कोणत्या रीतीने मागितली गेली हा प्रश्न गौण राहत नाही.

मोटारगाड्यांच्या धुराविषयी आणि इंधनवापराविषयी शासन जे निकष ठरविते, त्यांच्या घडणीत मोटार-कारखानदार भाग घेतात. हा भाग त्यांनी कसा घेतला याची नोंद ते स्वतः कोणत्या शब्दांत करतात, या नोंदीचा साचा कोणी घडविला, आणि त्या साच्यातून काय निसटते, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. वार्षिक अहवालातील हे लेखन सहसा समीक्षेचा विषय होत नाही. तथापि जे लेखन लक्षावधी भागधारकांना उद्देशून छापले जाते, आणि ज्याच्या आधारे एखाद्या संस्थेची सचोटी मापली जाते, त्याची भाषा तपासणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच मानले पाहिजे.

२

तपासणीस एखादे माप हवे. ते दूर शोधण्याची आवश्यकता नाही. रत्नागिरी तालुक्यातील पावससारख्या हापूस पिकविणाऱ्या गावात ते सहज सापडते. आंब्याचा मोहोर थंडीवर अवलंबून असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली नाही, तर झाड मोहोराऐवजी पालवी धरते. मोहोर आल्यावर अवकाळी पाऊस झाला, तर करपा आणि भुरी पडते. थंडी लांबली, तर फळ धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची कणी गळून जाते. या नेहमीच्या अडचणींत वादळांची भर पडली. जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या दोन वादळांनी लागोपाठच्या वर्षी कोकण किनाऱ्यास तडाखा दिला.

अशा प्रसंगी बागायतदार शासनाकडे मदत मागतो. ती कशी मागितली जाते ते पाहण्यासारखे आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बागेत येतात. सातबाऱ्यावरील नाव, क्षेत्र, बाधित झाडांची संख्या आणि नुकसानीचे प्रमाण लिहिले जाते. पंचांच्या सह्या होतात. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असल्याखेरीज मागणी विचारात घेतली जात नाही. फळपीक विम्याचा मार्ग धरल्यास बागायतदाराच्या शब्दालाही किंमत नसते. हवामान-केंद्राच्या यंत्राने नोंदविलेले तापमान व पाऊस यांवर भरपाई ठरते. सारांश, काही हजार रुपये मागणाऱ्याने कोण, किती, कशाबद्दल आणि कोणत्या पुराव्याने मागतो आहे, हे सर्व लेखी आणि साक्षीदारांसमक्ष सांगावे लागते. याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही, कारण सार्वजनिक पैसा असाच दिला पाहिजे.

पावसच्या एखाद्या बागेतील गळलेली कणी आणि एखाद्या कारखान्याने मिळविलेली निकषांतील सवलत यांत थेट कार्यकारणसंबंध दाखविता येत नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. हवामानबदलाची कारणे जगभर पसरलेली आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अभ्यासानुसार भारताच्या ऊर्जाजन्य कार्बन डायऑक्साइडपैकी रस्त्यावरील वाहतुकीचा वाटा सुमारे १२ टक्के आहे. तेव्हा बागायतदाराचा उल्लेख येथे फिर्यादी म्हणून केलेला नाही. मागणी करण्याची जी शिस्त राज्यसंस्था त्यास लावते, ती शिस्त मोठ्या मागणीदारास लावली जाते काय, एवढेच पाहावयाचे आहे.

३

भारतात रदबदलीची नोंदणी सक्तीची करणारा कायदा नाही. अमेरिकेत १९९५ पासून असा कायदा आहे. युरोपीय संघाने २०११ साली संसद व आयोग यांची संयुक्त नोंदवही सुरू केली. आपल्याकडे या विषयाचा जो काही लेखी उल्लेख होतो तो भांडवलबाजाराच्या नियमनातून होतो. सेबीने मे २०२१ मध्ये ‘व्यवसाय-जबाबदारी व शाश्वतता अहवाला’चा साचा ठरविला आणि २०२२-२३ या वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांस तो सक्तीचा केला. या साच्यात नऊ तत्त्वे आहेत. त्यांपैकी सातवे तत्त्व असे सांगते की सार्वजनिक धोरणावर प्रभाव पाडताना उद्योगाने जबाबदारीने आणि पारदर्शकतेने वागावे.

तत्त्वाचे हे विधान निःसंदिग्ध आहे. परंतु त्याखाली जे प्रश्न विचारले आहेत ते वाचल्यावर तत्त्व आणि प्रश्न यांतील अंतर ध्यानात येते. सक्तीचे प्रश्न मुख्यतः दोन. कंपनी किती व्यापारी व औद्योगिक संघटनांची सभासद आहे, आणि त्यांतील पहिल्या दहा कोणत्या, हा पहिला. स्पर्धाविरोधी वर्तनाबद्दल प्रतिकूल आदेश झाला असल्यास कोणती दुरुस्ती केली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नातील दहा संघटना निवडण्याची कसोटी मोठी उद्बोधक आहे. ज्या संघटनेने धोरणावर सर्वाधिक प्रभाव पाडला ती प्रथम, असा क्रम नाही; जिची सभासदसंख्या अधिक ती प्रथम, असा आहे. म्हणजे ज्या छोट्या, पण नेमक्या कामाच्या मंडळातून निकषांचा मजकूर घडतो, ते मंडळ यादीबाहेर राहिले तरी नियमभंग होत नाही.

कंपनीने कोणत्या धोरणाचा पुरस्कार केला, त्यासाठी कोणती पद्धत वापरली, ती माहिती लोकांस उपलब्ध आहे काय, आणि संचालक मंडळ तिचा किती काळाने आढावा घेते, हे खरे प्रश्न साच्यात आहेत. पण ते ऐच्छिक भागात आहेत. त्यांतही माहिती उपलब्ध आहे काय या रकान्यात ‘नाही’ हे पूर्ण उत्तर ठरते. पुढे २०२३ साली सेबीने या अहवालाचा गाभा म्हणून नऊ बाबी निवडल्या आणि त्यांची त्रयस्थाकडून पडताळणी करण्याची व्यवस्था केली. त्यांत ‘व्यवसायाचा खुलेपणा’ अशी एक बाब आहे. नाव ऐकून आशा वाटते. परंतु तिच्यात खरेदी-विक्री कोणत्या व्यापाऱ्यांशी व संबंधित पक्षांशी किती केंद्रित आहे एवढेच मोजले जाते. शासनाशी होणारा व्यवहार या खुलेपणात येत नाही.

साच्याचा परिणाम गद्यावर होतोच. अशा निवेदनांत संवाद, सहभाग, सहकार्य आणि विचारविनिमय ही नामे वारंवार येतात. मागणे, विरोध करणे, मुदत वाढवून घेणे ही क्रियापदे क्वचितच येतात. संवाद झाला, पण काय बोलणे झाले ते कळत नाही. सहभाग घेतला, पण कोणत्या बाजूने तेही उमगत नाही. व्याकरणदृष्ट्या वाक्य पूर्ण असते. त्यातील कर्म तेवढे लुप्त असते.

४

या लोपाचा अर्थ दोन प्रसंगांवरून स्पष्ट होईल. पहिला २०१७ सालचा. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार हे मानक लागू व्हावयाचे होते. आधीच्या मानकाच्या आठ लाखांहून अधिक गाड्या शिल्लक होत्या, आणि त्या विकण्याची मुभा असावी असे उद्योगाच्या संघटनेचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी ही मुभा नाकारली आणि लोकांचे आरोग्य कारखानदारांच्या व्यापारी हितापेक्षा अधिक महत्त्वाचे मानले. या वादात आकुर्डीच्या बजाज ऑटोने संघटनेच्या विरुद्ध बाजू घेतली होती. आपण वेळेत नव्या मानकाकडे वळलो असता मागे राहिलेल्यांस सवलत का, असा तिचा युक्तिवाद होता. पुढे २४ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने असाच दंडक पुढील मानकासही लावला आणि ३१ मार्च २०२० नंतर भारत स्टेज चारच्या गाड्यांची विक्री व नोंदणी होणार नाही असे ठरविले.

दुसरा प्रसंग २०२५ सालचा. एखाद्या कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व प्रवासी गाड्यांच्या सरासरी इंधनवापरास मर्यादा घालणारे निकष, जे ‘कॅफे’ या संक्षेपाने ओळखले जातात, भारतात २०१७-१८ पासून लागू झाले. पहिल्या टप्प्यात ही सरासरी दर किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, तर २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम अशी धरण्यात आली. १ एप्रिल २०२७ पासून लागू करावयाच्या तिसऱ्या टप्प्याचा जो मसुदा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ९०९ किलोपर्यंत वजनाच्या, १२०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिनाच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्यांस ३ ग्रॅमची सूट सुचविली होती. मारुती सुझुकीने लहान गाड्यांच्या सवलतीचा पुरस्कार केला. टाटा मोटर्स आणि महिंद्र यांनी विरोध केला. एका बाजूने सामान्य ग्राहकास परवडणाऱ्या गाडीचा, तर दुसऱ्या बाजूने समान न्यायाचा व सुरक्षिततेचा मुद्दा मांडण्यात आला. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. लहान गाड्या अधिक विकणारी कंपनी पहिल्या बाजूस, आणि जड वा विजेरी गाड्यांवर भिस्त असलेल्या कंपन्या दुसऱ्या बाजूस असाव्यात, यात नवल नाही. मात्र सार्वजनिक युक्तिवादात आपले हे हित कोणी फारसे बोलून दाखविले नाही.

या दोन प्रसंगांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. कारखानदारांची भूमिका लोकांस कळली ती त्यांच्यात फूट पडली म्हणून. २०१७ साली प्रकरण न्यायालयात गेले, २०२५ साली ते वृत्तपत्रांत आले. सातव्या तत्त्वाखालील यादीतून यांतले काहीही कळण्यासारखे नव्हते. किंबहुना त्या यादीत परस्परविरुद्ध उभ्या राहिलेल्या कंपन्यांचे उत्तर एकच येते, कारण त्या एकाच सियामच्या, म्हणजे भारतीय वाहन-उत्पादकांच्या संघटनेच्या, सभासद आहेत. यापुढचा निष्कर्ष अधिक चिंताजनक आहे. कारखानदार भांडतात तेव्हा थोडे तरी कळते. ते एकमताने काही मागतात तेव्हा काहीच कळत नाही. वस्तुतः एकमताची मागणीच सर्वाधिक परिणामकारक असते, आणि लोकांनी ती तपासण्याची गरजही तेव्हाच सर्वाधिक असते.

५

एवढ्या बारीक आकड्यांचा एवढा ऊहापोह कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गणितात आहे. निकषांचा कडकपणा मुख्य आकड्यावर अवलंबून असतोच. पण त्याहून अधिक तो हिशेबाच्या रीतीवर अवलंबून असतो. २०१५ साली अधिसूचित झालेल्या रचनेत सरासरी काढताना एक विजेरी गाडी तीन गाड्यांएवढी धरण्याची तरतूद होती. समजा, एका कंपनीने १०० गाड्या विकल्या. पैकी ९० पेट्रोलच्या, प्रत्येकी १३० ग्रॅमच्या, आणि १० विजेरी. साधी सरासरी ११७ ग्रॅम येते. विजेरी गाड्या तिप्पट धरल्यास भागाकार १२० ने होतो आणि सरासरी ९७.५ ग्रॅमवर उतरते. रस्त्यावरील धूर तोच राहिला. कागदावरील साडेएकोणीस ग्रॅम कमी झाले. त्याचप्रमाणे गाड्यांचे सरासरी वजन वाढले की कंपनीची मर्यादाही वाढते, अशी या सूत्राची घडण आहे.

अशा तरतुदींचे समर्थन होऊ शकत नाही असे नाही. नव्या तंत्रास आरंभी उत्तेजन द्यावे लागते. परंतु गुणक तीनच का, दोन का नव्हे. वजनाची रेषा ९०९ किलोवरच का. हे कोणी, कोणत्या आधारे सुचविले? मुख्य आकडा वर्तमानपत्रात येतो, गुणक परिशिष्टात राहतो. रदबदलीचे क्षेत्र हे परिशिष्ट आहे, आणि म्हणून पारदर्शकतेची कसोटीही तेथेच लावावी लागते.

६

कारखानदारांनी उघडपणे मागावे ही अपेक्षा परदेशातून आयात केलेली आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात याच उद्योगास ही शिस्त लागू होती. १९५१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेला टॅरिफ कमिशन हा आयोग संरक्षण मागणाऱ्या उद्योगाची चौकशी जाहीरपणे करीत असे. प्रश्नावल्या पाठविल्या जात. उत्पादक, आयातदार आणि ग्राहक यांचे म्हणणे घेतले जाई. अहवाल छापला जाई आणि त्यावरील शासनाचा ठरावही प्रसिद्ध होई. मोटार-उद्योगावर या आयोगाचे अहवाल १९५३ आणि १९५६ साली झाले. पहिल्या अहवालाने असे सुचविले की ज्यांच्यापाशी गाडीचे भाग क्रमाक्रमाने येथेच बनविण्याची योजना आहे त्यांनीच उद्योगात राहावे. परिणामतः मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने आपले काम आवरले, आणि कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स टिकली.

त्या संरक्षणाचे फलित सर्वस्वी चांगले झाले असे म्हणता येणार नाही. त्याच त्या गाड्या ग्राहकास वर्षानुवर्षे वाट पाहून घ्याव्या लागल्या. उघडपणाने शहाणपण आपोआप येत नाही. परंतु निर्णय कोणत्या युक्तिवादावर घेतला गेला हे आज सत्तर वर्षांनंतरही अभ्यासकास वाचता येते, आणि चूक कोठे झाली हे दाखविता येते. आयोग १९७६ साली संपुष्टात आला. संरक्षणाच्या मागणीची जागा पुढे मुदतीच्या, गुणकांच्या आणि सवलतींच्या मागणीने घेतली. चौकशीची ती रीत मात्र मागे राहिली.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली २००१ साली नेमलेल्या वाहन-इंधन धोरण समितीचे उदाहरणही या संदर्भात विचारात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००२ मध्ये या समितीच्या रचनेवर आक्षेप घेतला. तिच्यात वैद्यकतज्ज्ञ वा सार्वजनिक आरोग्याचा जाणकार नव्हता, असे न्यायालयाने नोंदविले. तो आक्षेप योग्य होता की कठोर, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु समितीचे सभासद कोण आणि तिचे म्हणणे काय हे ठाऊक होते, म्हणूनच आक्षेप घेता आला. निनावी शिफारशीवर टीकाही करता येत नाही.

७

परदेशांतील मोटार-कंपन्यांच्या भागधारकांनी अलीकडे हा प्रश्न धसास लावला आहे. अमेरिकेत २०१९ साली जनरल मोटर्स, टोयोटा आणि फियाट क्रायस्लर यांनी कॅलिफोर्नियाच्या कडक निकषांविरुद्धच्या वादात केंद्रशासनाची बाजू घेतली; राजवट बदलण्याची चिन्हे दिसताच नोव्हेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सने व पुढे इतरांनी माघार घेतली. टोयोटाने २०२१ साली आपल्या हवामानविषयक भूमिकांचा आणि संघटनांच्या सभासदत्वाचा पहिला आढावा प्रसिद्ध केला. जून २०२३ च्या सभेत काही युरोपीय निवृत्तिवेतन निधींनी अधिक सखोल आढाव्याचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. चाकण येथे कारखाना असलेल्या फोक्सवॅगनकडे २०२२ साली इंग्लंडमधील चर्चच्या व स्वीडनमधील निधींनी याच विषयाचा प्रस्ताव सभेपुढे ठेवण्याची मागणी केली असता कंपनीने ती नाकारली. टोयोटाने छत्रपती संभाजीनगर येथे कारखाना काढण्यासाठी जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला आहे. तेव्हा या घडामोडी आपल्यास सर्वस्वी परक्या नाहीत.

या उदाहरणांत एक उणीव सामान्य आहे. आढावा कंपनी स्वतः घेते, निकषही तीच ठरविते, आणि बहुधा आपली व संघटनेची भूमिका बहुतांशी जुळते असा निर्णयही तीच देते. आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकच असावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून ऐच्छिक निवेदनावर सर्व भार टाकणे इष्ट नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की संघटना स्थापणे आणि शासनापुढे म्हणणे मांडणे हा नागरिकांचा व उद्योगांचा हक्क आहे. तो निश्चित आहे. परंतु मांडण्याचा हक्क म्हणजे गुप्तपणे मांडण्याचा हक्क नव्हे. दुसरा आक्षेप व्यापारी गुपितांचा. नव्या इंजिनाचा आराखडा हे गुपित खरे. पण ‘३ ग्रॅम सूट द्यावी’ ही विनंती गुपित कशी ठरेल? जी मागणी मान्य झाल्यास राजपत्रात छापली जाणार, ती मान्य होण्यापूर्वी मात्र झाकून ठेवावी, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

८

उपायांसाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानुसार लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबद्ध वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे शासनाचे कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या विधिपूर्व विचारविनिमयाच्या धोरणानुसार मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवून आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा प्रसिद्ध करावयाचा असतो. कॅफेच्या प्रत्येक मसुद्याबरोबर कोणत्या कंपनीने व संघटनेने कोणता आकडा सुचविला, आणि तो का स्वीकारला वा नाकारला, याचा तक्ता जोडल्यास या दोन्ही तरतुदींचे सार्थक होईल.

सेबीच्या साच्यातही थोडा बदल पुरेसा आहे. सातव्या तत्त्वाखालील ऐच्छिक प्रश्न सक्तीचा करावा. संघटनांचा क्रम सभासदसंख्येऐवजी धोरणकार्याच्या निकषावर लावावा. संघटनेची लेखी निवेदने जोडावीत. आणि कंपनीचे मत संघटनेहून भिन्न असेल तेथे ते एका वाक्यात सांगावे. जबाबदारीच्या दृष्टीने अखेरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. संघटनेच्या नावे केलेली मागणी कोणाचीच नसते, आणि म्हणून तिचा जाब कोणास विचारता येत नाही. प्रत्येक संचालक मंडळाने ती मागणी वर्षातून एकदा वाचून, आपली आहे किंवा नाही हे नोंदवून, त्याखाली सही केली पाहिजे. भागधारकांनी, विशेषतः ज्यांच्यापाशी सामान्यांची बचत आहे अशा विमा व निवृत्तिवेतन संस्थांनी, ही सही मागितली पाहिजे.

कारखानदारांनी शासनाकडे काही मागू नये असे या लेखाचे म्हणणे नाही. निकष घडविताना त्यांचे तांत्रिक ज्ञान अपरिहार्य आहे, आणि पुष्कळदा त्यांच्या अडचणीही खऱ्या असतात. म्हणणे एवढेच की लहान मागणीदारास जी शिस्त आपण स्वाभाविक समजतो ती मोठ्यास अपवाद ठरू नये. सातव्या तत्त्वात ‘पारदर्शकता’ हा शब्द आधीच छापलेला आहे. वार्षिक अहवालातील वाक्यांत लुप्त असलेले कर्म लिहिले जाईल, तेव्हा त्या शब्दास अर्थ येईल.